स्मूथ कॉलीसोबत राहायचं तर: आखूड केसांच्या कॉलीला ओळखताना आणि सांभाळताना

स्मूथ कॉलीला पट्टा लावून बाहेर पडलं की दोन प्रश्न ठरलेले. "मिक्स आहे का हो?" आणि "याचे केस कापलेत का?" दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. हा पूर्ण जातिवंत कॉली, आणि याचे केस मुळातच आखूड. लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो पडद्यावरून घराघरांत पोचलेला, झुपकेदार आयाळीचा रफ कॉली. स्मूथ हा त्याचाच सख्खा भाऊ. तेच निमुळतं डोकं, तेच बदामी डोळे, तोच हळवा स्वभाव. आयाळ तेवढी नाही.

माझ्याकडे दोघं आहेत. रेवा ट्रायकलर, म्हणजे काळी, पांढरी आणि गालांवर-भुवयांवर तांबूस. आता वयानं पोक्त झाली आहे. निळू तिच्याहून बराच लहान, ब्लू मर्ल रंगाचा, राखाडी अंगावर काळे शिंतोडे आणि एक डोळा निळा. मर्ल कुत्र्यात असा एखादा निळा डोळा अगदी स्वाभाविक असतो, तो आजार नव्हे. या दोघांसोबत राहून माझं एक मत पक्कं झालंय: ही जात डोळ्यांनी आणि तळहातानं समजून घ्यायची आहे. लांब केस पुष्कळ काही झाकतात. इथे झाकायला काहीच नाही. चांगलं असेल ते दिसतं, आणि बिघडायला लागलं तर तेही लवकर दिसतं, पण बघणाऱ्यालाच.

आधी नीट बघा

कॉली मूळचा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधला, मेंढपाळांच्या कामाचा कुत्रा. जातीच्या इतिहासात असं सांगतात की लांब केसांचा कुत्रा कुरणात कळपापाशी असायचा आणि आखूड केसांचा गुरं-मेंढ्या बाजारापर्यंत हाकत नेणाऱ्यांबरोबर चालायचा. १८६० साली बर्मिंगहॅमच्या श्वानप्रदर्शनात या मेंढपाळी कुत्र्यांना स्वतःचा वर्ग मिळाला. पुढे राणी व्हिक्टोरियानं बाल्मोरलला कॉली पाळले, त्यांची हौस मोठ्या घरांत पसरली, आणि देखण्या केसांमुळे रफ पुढे निघून गेला. स्मूथ मागे राहिला तो राहिलाच. आज ब्रिटनच्या केनेल क्लबनं त्याला धोक्यात आलेल्या देशी जातींच्या यादीत ठेवलंय. वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या जाती त्या यादीत येतात. एका जुन्या, शहाण्या जातीची ही अवस्था मला मनापासून बोचते. चार लोकांनी या कुत्र्याकडे नीट पाहावं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

ब्रिटनमध्ये आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेच्या नोंदीत रफ आणि स्मूथ या दोन स्वतंत्र जाती आहेत. एफसीआयचा रफचा क्रमांक १५६, स्मूथचा २९६. अमेरिकेत मात्र एकच जात आणि तिचे दोन प्रकार मानतात, त्यामुळे तिथे दोघांची पैदास एकत्र होऊ शकते. उंचीतही फरक पडतो. ब्रिटिश मापानं नर ५६ ते ६१ सेंटिमीटर आणि मादी ५१ ते ५६. अमेरिकन मापानं दोघंही याहून साधारण पाच सेंटिमीटरनं जास्त उंच.

आता तुमच्या कुत्र्याला सपाट जागी, त्याची बाजू तुमच्याकडे येईल असा उभा करा आणि दोन पावलं मागे या. मान बघा: लांब, पिळदार, मागच्या बाजूला हलकीशी कमान. छाती खोल, कोपरापर्यंत उतरलेली. कंबरेवर किंचित उठाव. शेपटी निदान मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत पोचणारी. रफमध्ये हे सगळं आयाळीखाली असतं, हात घालून शोधावं लागतं. मग कुणाला तरी त्याला दुडकत तुमच्या दिशेनं आणायला सांगा. वेग वाढेल तसे पुढचे पाय मधल्या रेषेकडे येत जातात. हा दोष नाही, कॉलीची चालच तशी. थोडी ताकद खर्चून लांबवर जाणारी चाल आहे ती.

डोकं सावकाश बघा. वरून पाहिलं तर बोथट टोकाच्या पाचरीचा आकार दिसतो. रेवा मांडीवर हनुवटी टेकून पडली की मी कधी कधी बोटांनी माप घेते: नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांच्या मधोमध एक अंतर, आणि तिथून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत दुसरं. चांगल्या कॉलीच्या डोक्यात ही दोन्ही अंतरं जवळपास सारखी येतात. कपाळ आणि नाकाचा वरचा भाग या दोन जवळजवळ समांतर पातळ्या असतात, मधे अगदी हलकासा उतार. डोळे त्या उतारावर तिरके बसतात, आणि कॉलीचा तो प्रसिद्ध गोड, विचारी भाव येतो तो या रचनेतून. एकदा हे कळलं की मिक्स आहे का, या प्रश्नाला तुम्ही बोटानं दाखवून उत्तर देऊ शकता.

कान हा या कुत्र्याचा सगळ्यात बोलका अवयव. सावध असताना कान उभे होतात आणि वरचा साधारण तिसरा हिस्सा पुढे मुडपतो. निवांत असताना मागे पडतात. स्मूथमध्ये भोवती केस नसल्यानं कानाची बारीक हालचालही कळते. निळूचा एक कान पुढे आणि एक बाजूला असेल, तर तो दोन आवाजांच्या मधे अडकलाय आणि काय करावं ते ठरलेलं नाही. याच क्षणी हाक मारली तर तो येतो. दोन्ही कान पुढे गेल्यावर मारली तर उशीर झालेला असतो. पिल्लाचे दात बदलतात तेव्हा, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, कान विचित्र उभे-आडवे होतात. प्रदर्शनात उतरवायचं असेल तर अनुभवी माणसाकडून टेप लावायला शिकून घ्या. घरात राहायचंय तर कान जसे होतील तसे होऊ द्या.

रोजचा हात

दिवसातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, कुत्र्याच्या सर्वांगावरून हात फिरवा. सगळ्या सवयींत मला ही सगळ्यात मोलाची वाटते. नाकापासून सुरुवात करा. नाकाचा काळा रंग फिका पडतोय का, कडेला खपली धरतेय का, हे बघा. कॉलीला नाकाचा एक त्वचाविकार होतो, तो उन्हानं वाढतो आणि वेळेवर दाखवला तर आटोक्यात राहतो. मग ओठ उचलून हिरड्या. कानांच्या मागे आणि मानेखाली गोचीड. काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी. बोटांच्या बेचक्यांत. शेवटी बरगड्या: हलक्या हातानं बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, पण डोळ्यांना टोचता कामा नयेत. रफच्या मालकाला कुत्रा जाड झालेला कळायला महिने जातात. तुम्हाला आठवड्यात कळतं. ही सोय वाया घालवू नका.

हात फिरवताना बोलत राहा, हळू आवाजात. रेवाला याची इतकी सवय आहे की दवाखान्यात अनोळखी डॉक्टरांनी पंजा उचलला तरी ती पाय मागे घेत नाही.

केस: आखूड, पण कमी नव्हेत

आखूड केसांचा म्हणजे केस न गळणारा, असं समजून हा कुत्रा आणू नका. वरचा थर आखूड, राठ, अंगासरशी चपटा. त्याखाली पिंजलेल्या कापसासारखी दाट लव. वर्षातून साधारण दोनदा ही लव मूठमूठ निघते, आणि एरवीही थोडेथोडे केस गळतच असतात. आखूड केस कापडाच्या विणीत सुईसारखे घुसतात, त्यामुळे गाद्या-चादरींसाठी जाडसर, घट्ट विणीचं कापड बरं.

एरवी आठवड्यातून एकदा रबरी ब्रश आणि नंतर केसाळ ब्रश, एवढं पुरतं. गळतीच्या दिवसांत बोथट दात्यांचा लव काढायचा कंगवा रोज फिरवा, केसांच्या दिशेनं, दाब न देता. चिखल लागला तर पुसायची घाई करू नका. वाळू द्या, राठ केसांवरून तो आपोआप झडतो, उरलेला ब्रशनं निघतो. अंघोळ क्वचितच लागते. आणि कितीही उकडत असलं तरी मशीन लावून केस काढू नका. हे दोन थर मिळून कातडीला ऊन आणि पाऊस लागू देत नाहीत, आणि एकदा काढलेले केस पुन्हा तसेच येतील याची खात्री नसते. उन्हाच्या दिवसांत फिरण्याची वेळ बदला. तापलेल्या रस्त्यावर आपला तळहात उलटा ठेवून बघा. सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नका.

आवाज तुमचा आणि त्याचा

कॉलीवर ओरडायचं नसतं. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही, कामाची गोष्ट म्हणून सांगते. मेंढपाळाच्या बारीकशा खुणेवर वळणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला हा प्राणी. आपल्या आवाजातला फरक त्याला लगेच लागतो. रागानं बोललं की तो चूक सुधारत नाही, मिटून जातो. कान मागे, शेपटी खाली, नजर दुसरीकडे. त्या अवस्थेत तो काहीही शिकत नाही. घरात दोन माणसांचं भांडण चालू असेल तरी खोलीतून उठून जाणारे कॉली असतात. शिकवायचं ते खाऊ देऊन, शाबासकी देऊन, छोट्या छोट्या बैठकांत. पाच मिनिटं पुरतात. हा फार लवकर शिकतो, आणि तेच तेच पुन्हा करायला लावलं तर त्याला कंटाळा येतो, म्हणून जमलं की थांबा.

आता त्याचा आवाज. कॉली भुंकतो. आनंदानं भुंकतो, सायकल दिसली म्हणून भुंकतो, कुणी पळालं म्हणून भुंकतो. हाकायच्या कामात भुंकणं हे हत्यारच होतं. पूर्ण गप्प कुत्रा हवा असेल तर दुसरी जात बघा, हे मी स्पष्ट सांगते. पण भुंकणं आवरता येतं. आमच्याकडे पद्धत अशी: निळू खिडकीशी भुंकला की मी उठून त्याच्या शेजारी जाते, बाहेर बघते, "पाहिलं, बास" म्हणते आणि तो गप्प होताच खाऊ देते. दुरून ओरडलं तर त्याला वाटतं आपणही भुंकतोय. पुढे पुढे तो एकदा भुंकून माझ्याकडेच वळून बघायला लागला. कुत्र्याचा आवाज शस्त्रक्रियेनं बसवण्याचा प्रकार मात्र क्रूर आहे, कित्येक देशांत त्यावर बंदी आहे, आणि त्याचा विचारही करू नये.

पळणाऱ्या गोष्टीमागे जाणं आणि पोरांच्या टाचांना तोंड लावणं हीसुद्धा हाकण्याचीच वृत्ती. लहान मुलं धावत असतील तर पिल्लू त्यांच्याभोवती गोल फिरून त्यांना एका जागी आणू बघेल. त्यात दुष्टावा नसतो, पण चालवून घेऊ नका. मुलांना थांबायला सांगा, पिल्लाला बोलावून घ्या, तोंडात खेळणं द्या. गाड्यांमागे धावण्याची सवय लागूच द्यायची नाही. एकदा लागली की मोडणं जड जातं. बोलावल्यावर येणं हे पहिल्या दिवसापासून, लांब दोरीवर, रोज.

व्यायामाच्या बाबतीत लोक त्याची बॉर्डर कॉलीशी गल्लत करतात. स्मूथला दिवसभर काम नको असतं. रोज तासभर चांगलं चालणं, मोकळं पळायला थोडी जागा आणि डोक्याला काही खुराक, एवढं मिळालं की तो घरात शांत पडून राहतो. वास शोधण्याचे खेळ त्याला मनापासून आवडतात. अडथळ्यांच्या शर्यती, माग काढणं, मेंढ्या हाकण्याच्या चाचण्या, सगळ्यांत तो रमतो. अंध माणसांना वाट दाखवण्याचं कामही या जातीनं केलंय. स्थिर डोकं आणि माणसाकडे सतत लक्ष, हे तिथे उपयोगी पडतं. त्याला न झेपणारी गोष्ट एकच, एकटं पडणं. दिवसभर घर बंद असेल आणि रात्री कुत्रा बाहेर बांधायचा असेल, तर कॉली नकोच.

औषधांबद्दल: हा भाग सोडून पुढे जाऊ नका

कॉलीमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकातला बिघाड फार मोठ्या प्रमाणात आढळतो. सुमारे दहापैकी सात कॉलींत त्याची निदान एक तरी बिघडलेली प्रत असते. रफ असो वा स्मूथ, फरक नाही. हे जनुक एक प्रथिन बनवतं, आणि ते प्रथिन मेंदूत शिरू पाहणारी काही औषधं उपसून परत रक्तात टाकतं. जनुकातली चार अक्षरं गळाली की हा पंप बनतच नाही आणि औषध मेंदूत साठत जातं. २००१ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हे कारण शोधून काढलं; त्याआधी कॉलींना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध सोसत नाही एवढंच माहीत होतं.

धोका कशाचा? खरजेसारख्या त्रासावर मोठ्या मात्रेत दिलेलं आयव्हरमेक्टिन. जुलाबावर माणसं सर्रास घेतात ते लोपरामाइड. घरातली ही गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. गुंगीसाठी वापरलं जाणारं एसप्रोमाझिन आणि ब्यूटोर्फेनॉल, ज्यांची मात्रा कमी करावी लागते. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन. हृदयातल्या जंतांसाठी महिन्याला देतात त्या गोळीत आयव्हरमेक्टिनचं प्रमाण फार कमी असतं. पाकिटावरच्या मात्रेत ती बिघाड असलेल्या कुत्र्यालाही चालते, म्हणून घाबरून ती बंद करू नका.

एक धोका सहसा लक्षात येत नाही. घोड्यांना, मेंढ्यांना जंताचं औषध म्हणून आयव्हरमेक्टिन देतात आणि ते शेणा-लेंड्यांतून बाहेर पडतं. कुत्र्यांना लीद खायची भारी हौस. औषध दिलेल्या जनावरांच्या आसपास स्मूथ कॉलीला मोकळा सोडू नका. तोल जाणं, लाळ गळणं, बुबुळं मोठी होणं, थरथर, दिसेनासं झाल्यासारखं धडपडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि पोटात काय गेलं असेल ते सांगा.

चाचणी सोपी आहे. गालाच्या आतून फिरवलेला बोळा किंवा थोडं रक्त, आणि आयुष्यात एकदाच. निकालाची एक प्रत दवाखान्याच्या कागदांत लावा, एक फोनमध्ये ठेवा. निळूच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, आणि त्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लाल शाईनं लिहिलंय. तरीही नवे डॉक्टर भेटले की मी तोंडानं सांगतेच. यात संकोच कसला? चांगले डॉक्टर उलट खूश होतात.

पोट फुगण्याबद्दलही माहीत असू द्या. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर कधी कधी वायूनं फुगून पिळा खातं. पोट टणक, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा बसत नाही की उभा राहत नाही: ही तासांची नव्हे, मिनिटांची गोष्ट असते. म्हणून दिवसाचं जेवण दोन वेळांत वाटा, आणि भरल्या पोटी पळायला नेऊ नका.

पिल्लू निवडताना

आखूड केसांचं जनुक लांब केसांच्या जनुकावर वरचढ असतं. त्यामुळे दोन रफच्या पोटी स्मूथ जन्मत नाही, पण दोन स्मूथच्या पोटी एखादं रफ पिल्लू येऊ शकतं. तसं झालं म्हणून ब्रीडरवर संशय घेऊ नका.

संशय घ्यायच्या जागा वेगळ्या आहेत. आई आणि बाप दोघंही मर्ल आहेत का, हे पहिल्यांदा विचारा. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून मर्ल मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती पिल्लं बहुतेक पांढरी, अनेकदा बहिरी किंवा आंधळी निघतात. हे जाणूनबुजून करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. दुसरं, डोळे. कॉलीत डोळ्याच्या मागच्या पडद्याचा एक जन्मजात दोष आनुवंशिक आहे. बहुतेकांत तो सौम्य असतो आणि कुत्रा आयुष्यभर नीट बघतो, पण तीव्र प्रकारात पडदा सुटून दृष्टी जाते. पिल्लांचे डोळे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात नेत्रतज्ज्ञानं तपासलेले हवेत, कारण पुढे रंगद्रव्य भरलं की सौम्य दोष झाकला जातो आणि डोळा निर्दोष भासतो. आई-बापाची जनुकीय तपासणीही मागा. एमडीआर१ चे कागद तर मागाच. बिघाड असलेलं पिल्लू घ्यायला हरकत नाही, फक्त ते आधी माहीत हवं.

स्मूथची पिल्लं मोजकीच होतात, तेव्हा यादीत नाव घालून थांबावं लागेल. त्या काळात एखाद्या मोठ्या, वयात आलेल्या स्मूथसोबत दुपार घालवता येते का बघा. त्याचं भुंकणं ऐका, अंगावरून हात फिरवा, आणि घरी आल्यावर कपड्यांवरचे केस तेवढे मोजून ठेवा. पिल्लाच्या आईला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. ती अनोळखी माणसाला पाहून जरा मागे राहिली तर चालेल, पण थोड्या वेळानं आपणहून जवळ यायला हवी. कोपऱ्यात थरथरत बसली असेल तर कागद कितीही चांगले असले तरी दुसरीकडे बघा.